उत्पलाच्या वाटणीचा अभ्यास

सिल्लोड,
६ जुलै २०२५

चि. दीपमाला हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. राजेंद्ररावांना सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानंच भरतो. त्यातून मागं नको ते गैरसमज झाले, म्हणून पत्राचा हट्ट धरला. तू तो पुरवलास. अक्षर मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं झालंय. मास्तराच्या पोरीला शोभत नाही. पण जुळ्यांची आई आहेस, एक हात सारखा दुसरीकडं असणार, तेव्हा माफ.

प्रणयला शाळेतून काढलंस त्याचा राग आता उरला नाही. आठ वर्षांचं पोर बोलताना अडखळतं, वर्गापुढं त्याची नक्कल होते आणि रोज सकाळी दप्तर बघून ते ओकतं, तर त्याला घरी ठेवलंस ते बरंच केलंस. उत्पलालाही त्याच्यासोबत काढलंस, त्यावर मात्र मी रुसलो होतो. पाचवीत वर्गात दुसरी आलेली पोर! तू लिहिलंस, की जुळ्यांना घेऊन तिला एकटीला सोडणं-आणणं होत नाही, राजेंद्ररावांची शेंद्र्याच्या कंपनीत पाळी बदलत असते, आणि दोघं सोबत शिकली तर घराला एक शिस्त लागेल. ते मला पटलं. खरं तर मीच पटवून घेतलं. मनात आलं, की आता ही पोर माझ्या ताब्यात येईल. शाळेत हल्ली कविता म्हणजे रिकाम्या जागा भरा. मी तिला कविता शिकवीन, पत्रातून, चालीसकट.

आमच्या वेळी सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. पहिलं वर्ष मी वर्गाच्या उंबऱ्याजवळ बसून काढलं, तुला माहीतच आहे. पण कविता सुरू झाली की उंबरा कुठं आणि फळा कुठं, कळायचं नाही. आवाज सगळ्यांचा एकच व्हायचा. अजून डोळे मिटले की तो ऐकू येतो. कानाला यंत्र लावायला सांगतात डॉक्टर, पण ते यंत्र हा आवाज थोडंच ऐकवणार?

तू विचारलंस, अभ्यासक्रम कुठला घेऊ. मला एवढंच कळतं, की सरकारी पुस्तकं वाईट नसतात. माझ्याजवळची जुनी-नवी सगळी उद्या एसटीनं पाठवतो. तुझं पत्र आवडाआत्याला वाचून दाखवलं. पोरांना शाळेतून काढायचं असतं, हेच तिच्या डोक्यात शिरत नाही. आम्हाला कुणी काढलं नव्हतं बाबा, घातलंच नव्हतं, असं म्हणाली आणि हसली.

पोरांवर आहे तेवढा लोभ म्हाताऱ्यावरही राहू दे.
तुझा,
अण्णा


छावणी, छत्रपती संभाजीनगर,
२० जुलै २०२५

ती. अण्णांना,
दीपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पुस्तकांचं पोतं मिळालं. सिडको स्टँडवर राजेंद्र आणायला गेले, तर कंडक्टरनं विचारलं म्हणे, की एवढं जड काय आहे, मका का? घरी आल्या आल्या जुळ्यांतल्या अभयनं भूगोलातला अर्धा जालना जिल्हा खाल्ला. मैत्री गरीब आहे, ती नुसत्या कडा कुरतडते.

अण्णा, तुम्ही लिहिता तेवढं हे सोपं नाही हो. दिल्लीच्या एका कंपनीचा तयार पेटारा आहे, त्यात रोज काय शिकवायचं ते आखून दिलेलं असतं. एक परदेशी अभ्यासक्रम आहे, तो म्हणतो की धडे नकोत, गोष्टीच वाचा. शिवाय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, आणि तुमची सरकारी पुस्तकं. घरशाळेच्या आयांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, तिथं विचारलं तर दहा जणी दहा वाटा दाखवतात. पुण्याची एक बाई म्हणते, अभ्यासक्रम लागतच नाही, मूल आपलं आपण उमलतं. तिला एकच मूल आहे आणि स्वयंपाकाला बाई आहे.

मी प्रत्येकाचा नमुना मागवते आणि थोडे दिवस प्रणयवर करून बघते. परवा त्यानं अजिबात न अडखळता मला विचारलं, की मम्मी, आपली पहिल्या पानाचीच शाळा आहे का? हसू आलं आणि मग दिवसभर तेच टोचत राहिलं. चुकीचं निवडलं तर त्याचं आणखी एक वर्ष माझ्या हातून वाया जाईल, अशी भीती वाटते. जुळ्यांना घेतलं की मोठ्यांचं राहिलं असं वाटतं, मोठ्यांना घेऊन बसले की जुळी उपाशी आहेत असं वाटतं. आणि सगळे गप्प असले, की आता नक्की काहीतरी सांडलं असणार म्हणून पळते.

उत्पला आहे म्हणून निभतंय. प्रणयला घेऊन मी आतल्या खोलीत बसते तेवढा वेळ ती जुळ्यांना बघते. तिची काळजी नाही, पुस्तक हातात दिलं की आपली आपण वाचते. दिल्लीच्या पेटाऱ्यात जीवनकौशल्ये असा एक विषय आहे. धाकट्या भावंडांची काळजी घेणं हा त्यातला एक धडाच आहे. तिच्या नावापुढं मी तो पूर्ण झाल्याची खूण केली. खूण करताना हात जरा थांबला होता, पण तेवढ्यात मैत्री रडायला लागली.

आत्याला सांगा, मी पोरांना काढलं नाही, घरी आणलंय. गुडघ्यांना तेल लावत जा. माझ्या चुका पोटात घालण्याइतकी माया असू द्या.
तुमची,
दीपा


छावणी,
९ ऑगस्ट २०२५

प्रिय आजोबा,
सप्रेम जयभीम. मी मजेत आहे. तुम्ही आणि आवडाआजी कसे आहात?

तुम्ही पाठवलेली पाखरांची कविता पाठ झाली. मी ती मैत्रीला झोपवताना म्हणते. तुमच्या चालीत तिला झोप येत नाही, ती टाळ्या वाजवते, म्हणून मी चाल हळू केली. शेवटचं कडवं अजून पाठ नाही. कारण ती तिसऱ्याच कडव्याला झोपते आणि मग अभय उठतो.

तुम्ही माझा दिवस कसा जातो ते लिहायला सांगितलं होतं. सकाळी मम्मी आणि प्रणय आत अभ्यासाला बसतात. दार लावून घेतात, कारण अभय आत गेला की पेन्सिली खातो. मी बाहेर दोघांना खेळवते आणि वरणभात भरवते. एकाला कडेवर घेतलं की दुसऱ्याला पण यायचं असतं, म्हणून मी मैत्रीला कडेवर घेते आणि अभयला माझ्या पायावर उभा करून चालते. त्याला ते लई आवडतं. दारातून प्रणयचं गणित ऐकू येतं. त्याचे पाढे मला परत पाठ झाले. मला येतच होते.

दुपारी दोघं झोपली की मी माझं पुस्तक घेते. मी अपूर्णांकांपर्यंत आले आहे. जूनमध्ये पण तिथंच होते, पण तो धडा मोठा आहे. तुमच्या जुन्या पुस्तकात पण तो मोठाच आहे.

समोरची नौशीन शाळेतून आली की गेटपाशी थांबते. ती म्हणाली, तेरे तो मजे हैं यार. मी म्हणाले, हो. तिच्याकडं सहावीचं विज्ञानाचं किट आहे. त्यात लोहचुंबक आहे. मी ते एकदा हातात घेतलं होतं, पण अभयनं ओढलं.

हे सगळं मम्मीला सांगू नका. ती हल्ली पटकन रडते. मी मोठी आहे ना.

नवी कविता पाठवा, पण चार कडव्यांपेक्षा मोठी नको. आजीला माझा जयभीम आणि एक पापी.
तुमची लाडकी,
उत्पला


सिल्लोड,
१८ ऑगस्ट २०२५

चि. उत्पलास,
आजोबांचे गोड आशीर्वाद.

शाबास! तुझं पत्र म्हणजे एक कविताच आहे. वाचता वाचता डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं. कडेवर बाळ, ओठावर पाखरांचं गाणं, खिडकीतून येणारं श्रावणातलं कोवळं ऊन. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पाठांतर करणारी पुष्कळ पोरं पाहिली, पण कवितेनं कुणाला झोपवणारी तूच पहिली. चाल हळू केलीस हे फार उत्तम. मी मास्तर असून मला हे कधी सुचलं नाही.

शेवटच्या कडव्याची घाई नको. अपूर्णांकही येतील आपोआप, गणित काही पळून जात नाही. बाळं मात्र मोठी होतात आणि हे दिवस परत येत नाहीत. बक्षीस म्हणून शाईचं पेन पाठवतो आहे, निळ्या टोपणाचं. अभयच्या हाती लागू देऊ नकोस, नाहीतर तो निळा होईल.

तुझं पत्र आवडाआजीला वाचून दाखवलं. मी अगदी चालीवर वाचलं. तुम्ही तिघं कसे चालता ते ऐकून हसेल असं वाटलं होतं, पण ती पदर झटकून परसात गेली आणि कणसं सोलत बसली. तिचं आता वय झालं. कवितेत मन रमत नाही तिचं.

सोबत नदीची कविता पाठवतो आहे, बरोबर चार कडव्यांची. असंच लिहीत जा, गोड पोरी.
तुझे,
आजोबा


सिल्लोड,
६ ऑक्टोबर २०२५

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद. वि. वि.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुमच्याकडं आलो, खीर खाल्ली, पोरांचे पापे घेतले आणि गाडीला बसून परत आलो. तिथं जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही. तुझ्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही. म्हणून हे पत्र. एकटी असशील तेव्हा वाच.

जेवणं झाल्यावर मी उत्पलाला नदीची कविता म्हणायला उभं केलं, आठवतं? तू मोबाईलवर चित्रण करत होतीस. पोरीनं कविता सुंदर म्हटली, असं सगळे म्हणाले. मी ती ऐकलीच नाही. ती उभी कशी होती ते बघत बसलो. एका पायावर भार, डावी कंबर बाहेर काढलेली. नीट उभी राहा, हात सोड, असं म्हणालो, तर ती सरळ झाली. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत पुन्हा तशीच, आणि डावा हात वाकून आपोआप कंबरेशी आला. कडेवर कुणी नव्हतं, दीपा. जुळी त्यांच्या बापाच्या मांडीवर होती.

अशी उभी राहणारी एक बाई मी जन्मभर बघत आलो आहे. आवडा अशीच उभी राहते. तुम्ही पोरं लहानपणी तिच्या चालण्याची नक्कल करायचा आणि मी रागवायचो, की आत्याच्या कंबरेत दोष आहे. दोष नव्हता. तिथं मी होतो. आई-बा रोजंदारीला गेले की ती मला घेऊन फिरायची. मी चालायला लागलो तेव्हा धाकटा आला. मी शाळेत गेलो, ती नाही गेली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याचंही मी मनात एक गोड गाणं करून ठेवलं होतं, माझी ताई, तिची कड, असलं काहीतरी.

कवितेनंतर मी गंमत म्हणून विचारलं, की पाव आणि अर्धा मिळून किती. उत्पला बोटांकडं बघत राहिली. प्रणय मागून ओरडला, पाऊण! आपण सगळे हसलो, धाकटा पुढं गेला म्हणालो. मीही हसलो. तेवढ्यात मैत्रीला ठसका लागला, तर तुझ्या आधी उत्पला उठली. धावतच गेली. सुटल्यासारखी गेली.

सगळा दोष तुझ्या पदरात टाकतोय असं समजू नकोस. एका पोराला तू बुडताना बाहेर काढत होतीस, माणसाला दोनच हात असतात. माझे तर दोन्ही रिकामे होते. ऑगस्टात पोरीनं मला सगळं कळवलं होतं, दार लावलेलं असतं इथपासून जूनपासून एकाच धड्यावर आहे इथपर्यंत. तिनं तुला सांगू नका म्हटलं आणि मी नाही सांगितलं. मी त्यावर शाबास लिहिलं आणि बक्षीस पाठवलं. वर्गात एखादं पोर मागं पडलं की मला त्याच्या मानेवरून कळायचं, असं मी चारचौघांत सांगत असतो. आता सांगणार नाही.

घरी येऊन आवडाला हे बोललो. ती म्हणाली, मला ते पत्र ऐकलं तवाच कळलं व्हतं. मग तेव्हाच बोलली का नाहीस म्हणून मी तिच्यावरच चिडलो. तर म्हणाली, तू लई खुशीत वाचत व्हतास.

अभ्यासक्रम कुठला, ते आता मला विचारू नकोस. तो कुठला का असेना, उत्पलाच्याही वाटणीला येऊ दे. मला तिथं ठेवून घेतलंस तर मी जुळ्यांना बघेन. ही मेहरबानी नव्हे, मला करू दे.

माया तुटू देऊ नकोस.
तुझा,
अण्णा


छावणी,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, शाबास म्हणणारे तुम्ही, बाळं परत लहान होत नाहीत असं तिला लिहिणारे तुम्ही, आणि आता मलाच शिकवताय. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. मग जुळी झोपल्यावर ते चित्रण काढलं आणि आवाज बंद करून बघितलं.

राजेंद्रना दाखवलं. ते चप्पल घालून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, की मी कंपनीत माल तपासून सही करतो, घरात काय चाललंय त्यावर कधी सही केलीच नाही.

अण्णा, चार महिने मी दिल्ली, अमेरिका, पुणे सगळीकडचे अभ्यासक्रम वाचले. ते सगळे प्रणयसाठी वाचले. उत्पलाला तुला काय शिकायचंय असं मी एकदाही विचारलं नव्हतं. परवा विचारलं. तिला आधी वाटलं मी प्रणयबद्दलच विचारते आहे. मग विचारलं, की परत शाळेत जायचंय का? ती म्हणाली, जुळ्यांचं कोण करणार? आणि मग म्हणाली, नको. कारण आधी सांगितलं तिनं, आणि नको नंतर. मी म्हणाले, ते बघायला मी आहे, ते तुझं काम नव्हतंच. त्यावर ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, आणि विचारलं एवढंच, की मला सहावीतच घेतील ना?

चालत जाण्याइतक्या अंतरावर एक मराठी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी विचारलं, की मुलगी अर्धं वर्ष कुठं होती. मला घरशाळा म्हणता आलं असतं. पेटारा दाखवता आला असता, त्यातली ती खूणसुद्धा. तोंडातून निघालं, की घरी लहान मुलं होती. बाई म्हणाल्या, हे कारण सांगायला माझ्याकडं ऊसतोडीच्या आया येतात, फॉर्मवर तर तुम्ही एम. ए. लिहिलंय. मी मान खाली घालून बसले, अण्णा. तुमची मुलगी.

सुट्टी संपली की ती जाईल. प्रणय घरीच शिकेल. पेटारा माळ्यावर टाकला. तुमचीच सरकारी पुस्तकं घेणार आहे, आणि जुळी मांडीवर असतील तर मांडीवर. जेवढं होईल तेवढं होईल. तुम्ही या, महिन्यातून आठवडाभर राहा. पण अभयला उचलायचं नाही. तुमचे गुडघे धरायला माझ्याकडं तिसरा हात नाही.

आत्याला काय तोंड दाखवू? तिला माझा नुसता जयभीम सांगा, बाकी काही सांगू नका. आणि रागातलं जे वर लिहिलंय ते लेकीचं म्हणून सोडून द्या.
तुमची,
दीपा


छावणी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजोबा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र छोटं आहे, रागावू नका. या महिन्यात मी एकपण कविता पाठ केली नाही.

बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं आहे, कारण पुढं जागा नाही. सगळ्यांचे अपूर्णांक होऊन गेलेत, आता दशांश चालू आहेत. चाचणीत मला वीसपैकी सहा मिळाले. मम्मीनं सही करताना माझ्याकडं बघितलं नाही. तिला वाटलं मला वाईट वाटेल. मला तेवढं वाईट वाटलं नाही. चुकलेली सगळी गणितं मी घरी परत केली, एका दमात. मधे कुणी आलंच नाही. प्रणय दारात बसला होता आणि जुळ्यांना आत येऊ देत नव्हता. अभय त्याला चावला.

सकाळी मी निघाले की मैत्री जाळीचं दार धरून रडते. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यावर थांबले होते. परत जावं असं वाटलं. मग मम्मीनं तिला घेतलं आणि रडायचा आवाज थांबला. मला वाटायचं तो फक्त मी घेतल्यावरच थांबतो.

आता एक विचारायचं आहे. मम्मीला विचारलं तर ती रडेल आणि पप्पांना असलं कळत नाही. शाळेत गेल्यावर मला जुळ्यांची आठवण येते, पण प्रयोगाच्या तासाला अजिबात येत नाही. शुक्रवारी तर शाळा सुटेपर्यंत आली नाही. घरी आल्यावर मैत्री पळत आली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अरे, हे आहेत. मी वाईट बहीण आहे का?

लवकर कळवा. पण छोटं लिहा, कारण मला अभ्यास असतो.
तुमची,
उत्पला,
इयत्ता सहावी